मुक्कामी कॅप्सूल

शलाकाला रक्तस्राव व्हावा असं घरात प्रत्येकाला वाटत होतं, आणि तोंडाने ते कुणीच बोलत नव्हतं.

दोन वर्षं याच रक्तस्रावाच्या धाकाखाली ते घर जगत होतं. अधूनमधून, काही कारण नसताना, शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. मग डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. सांगलीत नगरपालिकेच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवणारी ही धडधाकट बाई स्वतःच्या घराचा जिना चढताना मध्येच बसकण मारायची. तोंडातून दुर्बीण घालून झाली, खालून घालून झाली. जठर स्वच्छ, मोठं आतडं स्वच्छ. मधे उरलं ते लहान आतडं. वीस फूट लांबीचं, वेटोळी घालून पोटात बसलेलं, आणि कुठल्याच दुर्बिणीचा हात पुरेसा न पोहोचणारं.

लहान आतडं बघायचं तर कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची, ही रीत जुनी होती. शलाकाने तीही दोनदा गिळली होती. कॅप्सूल आतड्यातून घरंगळत जाते, जाता जाता हजारो फोटो काढते आणि एक-दोन दिवसांत बाहेर पडते. दोन्ही वेळा फोटोंत गुलाबी, निरोगी आतडं दिसलं. डॉ. फातिमा मुजावर तेव्हा म्हणाल्या होत्या, "शलाकाताई, मला वाटतं तुमच्या आतड्याच्या अस्तराखाली एखादी रक्तवाहिनी नको तितकी वर आलेली आहे. ती फुटते, भळभळते आणि आपली आपण मिटते. मिटली की तिथे टाचणीच्या टोकाएवढीसुद्धा खूण राहत नाही. चोर पळाल्यावर आपण रस्त्याचे फोटो काढतोय."

म्हणून मग ही नवी कॅप्सूल आली. डॉक्टर तिला मुक्कामी कॅप्सूल म्हणत. गावात रात्रीच्या वस्तीला एसटीची मुक्कामी गाडी थांबते, तशी ही आतड्यात थांबायची. तिला सहा मऊ पाय होते. त्या पायांनी ती अस्तराला धरून राहायची, अन्न आलं की अंग चोरून त्याला वाट द्यायची आणि हळूहळू खालीवर फिरत पहारा करायची. कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून तिला वीज मिळे आणि ती जे पाही ते पट्ट्यामार्फत फोनवर दिसे; गरज पडली तर पट्ट्यातल्या चुंबकाने डॉक्टर तिला बाहेरून ओढूही शकत. रक्त हिरवा प्रकाश गिळून टाकतं. कॅप्सूल सतत हिरवा उजेड पाडून तो किती परत येतो ते मोजायची, आणि जिथे तो बुडाला तिकडे वळायची. फुटलेली जागा सापडलीच, तर तिच्या पोटात डिंकासारख्या औषधाचा एक थेंब होता. एकच. तो त्या जागेवर बसला की वाहिनी कायमची बुजणार होती.

पण त्यासाठी आधी वाहिनी फुटायला हवी होती. आणि कॅप्सूल आत गेल्यापासून ती फुटायचं नावच घेईना.

"आई, बघ, वळली," जुई म्हणायची. शलाकाची ही सातवीतली मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून फोनसमोर बसायची. शलाकाचा नवरा निनाद तर तो फोन हातातून सोडतच नव्हता. जेवताना त्याची नजर ताटाकडे नसायची, बायकोकडे नसायची; बायकोच्या आतड्याकडे असायची.

"निनाद, मी इथे बाहेर आहे," एकदा ती म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला आणि पडद्यावरची गुलाबी भिंत बोटाने मोठी करून बघू लागला.

एका संध्याकाळी जुई देवळातून आली ती गप्प गप्प. शलाकाने जवळ घेतलं तेव्हा पोर हुंदके देऊ लागली. "मी देवाला सांगितलं, आईला रक्त येऊ दे. असं कुणी मागतं का गं?"

शलाकाने तिला पोटाशी धरलं. सकाळी आंघोळ करताना तिने स्वतः तेच मागितलं होतं.

पुढच्या तपासणीला डॉ. मुजावर यांनी पडद्यावर कॅप्सूलचे पाय दाखवले. सहापैकी दोन झिजून गेले होते. आतड्यातल्या रसांत ते हळूहळू विरघळावेत, अशीच त्यांची रचना होती, नाहीतर कॅप्सूल आतच अडकून पडली असती.

"आठवडाभर टिकेल फार तर," डॉक्टर म्हणाल्या. "मग सुटेल आणि निघून जाईल. दुसरी मिळायला वर्ष तरी जाईल. सगळीकडूनच मागणी आहे."

"वर्षभर मी टिकेन?" शलाकाने विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही. "आतापर्यंतचं बघता, मला खात्री देता येत नाही. एक मार्ग आहे. मला तो आवडत नाही, पण सांगते. रक्त पातळ करणारं औषध शिरेतून द्यायचं. म्हणजे ती वाहिनी मुद्दाम फोडायची. कॅप्सूल तिथे पोहोचली की उतारा द्यायचा. उतारा काही मिनिटांत लागू पडतो. दुसऱ्या कुणाला मी हे केव्हाच सुचवलं असतं. तुमच्या बाबतीत अडचण रक्ताची आहे."

अडचण जुनी होती. शलाकाचा रक्तगट बॉम्बे. आपण ए, बी, ओ म्हणतो ते गट म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणा असतात. ओ गटावर ए-बीच्या खुणा नसतात, पण त्या ज्या पायावर उभ्या राहतात तो पाया असतो. बॉम्बे गटात तो पायाच नसतो. म्हणून सगळ्यांना चालणारं ओ रक्तसुद्धा शलाकाच्या शरीराला शत्रू वाटलं असतं. दहा हजारांत एखाद्याचं रक्त असं असतं. कृत्रिम रक्ताच्या बातम्या दरवर्षी येत, पण पिशवीत ते अजून उतरलं नव्हतं. अशा गटाच्या लोकांनी आपापसात साखळी बांधली होती, तिच्यातूनच आजवर शलाकाला पिशव्या मिळाल्या होत्या. देणारा कोण, हे घेणाऱ्याला सांगायचं नाही असा त्या साखळीचा नियम होता.

"दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुण्याहून एक येतेय. दुसरी..." त्यांनी निनादकडे पाहिलं. "तुमच्या भावाचा गट हाच आहे ना, शलाकाताई?"

"मला भाऊ नाही," शलाका म्हणाली.

भाऊ होता. हेरंब. दोघांना वडिलांनी एकाच दिवशी कृष्णेत उतरवलं होतं, एकाच दोरीला बांधून. पुढे हेरंब ओमानला बंदरावर क्रेन चालवायला गेला. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तो आला नाही. तीन वर्षं त्यांचं हगणं-मुतणं शलाकाने काढलं. शेवटच्या दिवसांत वडील दाराकडे बघत "हेरू आला?" एवढंच विचारायचे, आणि ती "निघालाय" म्हणून सांगायची. तो आला तो तेराव्यानंतर. तिने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "आता कुणाकडे आलास? इथे तुझं कुणी राहत नाही," असं म्हणून दार लावून घेतलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती. तो गोव्यात वास्कोच्या बंदरावर काम करतो, एवढं तिच्या कानावर होतं.

दोन दिवस तिने फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी कॅप्सूलचा आणखी एक पाय गेला. जुईने ते पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन अभ्यासाला बसली. पुस्तक उलटं होतं. शलाकाने फोन उचलला.

"मी शलाका."

पलीकडे नुसता बंदरावरचा आवाज. मग, "बोल, शलू."

"रक्त हवंय."

"येतो," हेरंब म्हणाला. बाकी काही विचारलं नाही.

तो आला तेव्हा तिने त्याला चटकन ओळखलं नाही. क्रेनच्या केबिनमध्ये बसून रुंद झालेला माणूस तिच्या मनात होता. दवाखान्याच्या दारातून आला तो वाळलेला, ओठ पांढरे पडलेला, जिना चढून धाप लागलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने भिंतीकडे. नर्स त्याला तपासायला आत घेऊन गेली.

थोड्या वेळाने डॉ. मुजावर स्वतः बाहेर आल्या. "यांचं रक्त घेता येणार नाही. हिमोग्लोबिन आठ आहे. यांनाच औषध द्यायला हवं."

शलाका खुर्चीवरून उठली. उठल्यावर गरगरलं, तरी खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. हेरंब डॉक्टरांच्या मागे येऊन थांबला होता.

"झालं?" ती म्हणाली. "तेव्हाही असाच आलास. सगळं संपल्यावर, हात हलवत. आयुष्यात एकदा, फक्त एकदा तुझ्याकडे काही मागितलं मी. तेही नाही तुझ्याकडे?"

 हेरंब बाहीचं बटण लावत राहिला. त्याच्या बोटांना ते जमत नव्हतं.

"शलाका, बस खाली," निनाद म्हणाला.

"तू मधे पडू नकोस."

"पडतो मी मधे!" निनादचा आवाज चढला, तसा तो कधी चढत नसे. "दोन वर्षांत तुला ज्या पिशव्या चढल्या ना, त्यातल्या एक सोडून सगळ्या याच्या आहेत. मीच कळवत होतो त्याला. तू आजारी पडलीस की पहिला फोन मी त्याला करायचो."

 डॉ. मुजावर यांनी हेरंबचा दंड धरून बाही पुन्हा वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे डाग होते. दुसऱ्या हातालाही.

"दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी अडवलं नाही?"

"एकदा गोव्यात द्यायचो, एकदा कर्नाटकात," हेरंब म्हणाला. "दोन राज्यांच्या यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत अजून. चक्कर यायची थोडी. क्रेनवरून मला उतरवलं त्यांनी, आता खाली बसून काम आहे. त्यात काय विशेष."

शलाका खाली बसली. तिला एकदम स्वतःच्या हातांची किळस आली. त्या हातांतल्या शिरांमधून याचं रक्त फिरत होतं. आणि ती ते आतल्या कुठल्याशा भोकातून, काळं करून, वाया घालवत होती. त्याने द्यायचं, तिने सांडायचं. हे असंच चाललं असतं तर दोघांपैकी आधी कोण आडवं झालं असतं?

"डॉक्टर," ती म्हणाली, "एका पिशवीवर करा."

"नाही."

"कॅप्सूल सुटली की वर्षभर थांबायचं. त्या वर्षात मला पुन्हा होणार. आणि हा ऐकणार नाही. तुम्ही नाही घेतलं तर तिसऱ्या राज्यात जाईल हा."

"शलू, मी देत नाही. शपथ," हेरंब घाईने म्हणाला.

"तू खोटं बोलतोस. लहानपणी पण असाच बोलायचास, मान खाली घालून." ती डॉक्टरांकडे वळली. "मी मेले तर माझ्या भोकाने मेले. हा मेला तर याला मीच प्यायले. मला ते नको आहे. करा."

डॉ. मुजावर खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज कोरडा होता. "औषध निम्मं देईन. मी मनात एक हद्द ठरवणार. ती ओलांडली की उतारा देणार, जागा सापडो न सापडो. तेव्हा मी तुम्हाला विचारणार नाही आणि तुम्ही विनवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात झाली. पुण्याची पिशवी ड्रोनने आली होती, नर्सने ती छातीशी धरून आणली. हेरंब आणि निनाद काचेपलीकडे. जुईला शेजारणीकडे ठेवलं होतं.

औषध शिरेत गेलं. बराच वेळ काहीच झालं नाही. पडद्यावर तीच गुलाबी भिंत. कॅप्सूल तीन पायांवर उभी राहून हलत होती, लंगड्या माणसासारखी. शलाकाला वाटलं, हीसुद्धा थकली आहे.

मग पोटात कळ आली आणि कपाळावर घाम फुटला.

"नाडी वाढतेय," नर्स म्हणाली.

पडद्याच्या वरच्या कडेने एक लाल धागा सरकत आला. पाठोपाठ दुसरा. जागा कॅप्सूलच्या वर होती, म्हणजे रक्ताच्या लोटाविरुद्ध चढून जायला हवं होतं. डॉक्टरांनी पट्ट्यातला चुंबक वर ओढला. कॅप्सूल चढू लागली. एक पाय रोवायचा, अंग खेचायचं, दुसरा रोवायचा. लाल वाढत गेलं, आणि बघता बघता पडदा भरून गेला. गुलाबी भिंत नाही, कडा नाही, काही नाही. नुसतं दाट लाल, त्यात हिरवा उजेड बुडून गेलेला.

"आंधळी झाली," डॉक्टर पुटपुटल्या. "पिशवी लावा."

शलाकाचे कान वाजत होते. पाय थंड पडले होते. काचेपलीकडे हेरंब दोन्ही हात काचेवर टेकून उभा होता आणि काहीतरी ओरडत होता. तिला ऐकू येत नव्हतं, पण त्याने बाही वर केलेली दिसत होती.

पिशवी अर्धी झाली. पडदा लालच होता.

"बस," डॉ. मुजावर म्हणाल्या. "उतारा."

"डॉक्टर, अजून थोडं..."

"कबूल केलं होतं तुम्ही."

नर्सने सुई टोचली. शलाकाने डोळे मिटले. संपलं. आता वाहिनी मिटणार, खूण पुसली जाणार, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत गेलं, पण ते पुसायला हात उचलेना.

डॉ. मुजावर मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. उतारा लागू पडू लागला तसा लोट ओसरला. दाट लाल फिकं झालं, त्यात ढगासारख्या फटी पडल्या. एका फटीतून भिंत दिसली. आणि त्या भिंतीवर, कॅप्सूलच्या अगदी पुढ्यात, केसाएवढी बारीक लाल धार अजून उडत होती. नळ बंद केल्यावर शेवटचं पाणी ठिबकतं तशी, क्षणाक्षणाला आखडत जाणारी.

"तिथे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिथेच आहे. थांब, बाई, मिटू नकोस. एवढ्यात मिटू नकोस."

त्या कॅप्सूलशी बोलत होत्या की वाहिनीशी, कुणाला कळलं नाही. कॅप्सूलचा एक पाय निसटला. ती डावीकडे कलली. डॉक्टरांनी चुंबक किंचित फिरवला, ती पुन्हा समोर आली. धार आता धार राहिली नव्हती, नुसता एक लाल ठिपका होता. डॉक्टरांनी बटण दाबलं. पिवळसर थेंब निघाला, ठिपक्यावर पडला, पसरला, घट्ट झाला.

 डॉ. मुजावर यांनी चुंबकावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

सगळं तिथे संपलं नाही. शलाकाचं हिमोग्लोबिन चारवर आलं होतं आणि राज्यात तिच्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. पुढचे दिवस तिला नुसतं पडून राहायचं होतं. कूस बदलायची नाही, बोलायचं नाही, कारण तेवढ्यालाही लागणारा प्राणवायू तिच्या रक्तात नव्हता. नाकावर नळी, शिरेतून लोह. शेजारच्या खाटेवर हेरंब, त्यालाही शिरेतून लोह. तो रोज डॉक्टरांना विनवायचा, "थोडंसं घ्या, अर्धी पिशवी," आणि डॉ. मुजावर रोज त्याला सांगायच्या, "तुम्ही आता पेशंट आहात. गप्प पडा." निनाद दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसे. फोन त्याने जुईकडे देऊन टाकला होता. तो शलाकाच्या तोंडाकडे बघत बसे, दिवसभर.

थेंब टिकला की निसटला, हे कळायला वाट बघण्यावाचून मार्ग नव्हता. कॅप्सूल सुटून गेली होती. आत आता बघणारं कुणी नव्हतं. रोज सकाळी नर्स बोटातून एक थेंब घेई. आकडा चारवरच घुटमळत राहिला. एकदा किंचित खाली गेला आणि निनाद व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तो आकडा पाचाला लागला. डॉ. मुजावर म्हणाल्या, "आज एवढंच मागू या." पण जाताना त्यांनी शलाकाच्या केसांवरून हात फिरवला.

त्या दुपारी शलाकाला पहिल्यांदा बोलायची परवानगी मिळाली. निनाद जेवायला गेला होता. हेरंब उठून तिच्या खाटेपाशी आला, लोहाची बाटली लटकवलेला दांडा ओढत. स्टुलावर बसला.

"शलू, बाबांच्या वेळी... कंपनीने पासपोर्ट अडकवून ठेवला होता. मी तुला सांगणार होतो, पण तू दार..."

"नको सांगूस," ती म्हणाली. आवाज कुजबुजीएवढाच निघत होता. "खरं असेल ते. पण बाबा दाराकडे बघत गेले, दादा. ते मी पाहिलंय. तू मला रक्त दिलंस म्हणून ते पुसलं जात नाही."

हेरंबने मान हलवली. स्टुलावरून उठायला लागला.

तिने त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे बोटं नुसती टेकवली. आवळायला जोर नव्हता. त्याची नाडी तिच्या बोटांखाली जलद, हलकी चालत होती. तिची चालत होती तशीच.

"मी माफ नाही केलेलं तुला," ती म्हणाली. "करेन का, तेही माहीत नाही. पण तू बस. कुठे जाऊ नकोस."

तो पुन्हा बसला. तिने डोळे मिटले, आणि बोटं तिथेच राहू दिली.